मूकपटाला साथ करायची तर थिएटर ऑर्गनचा कीबोर्ड घ्यावा की पेटी-तबला?

प्रश्नकर्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: त्यांच्या फिल्म क्लबात फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) लाइव्ह संगीतासह दाखवायचा आहे. परदेशात मूकपटांना थिएटर ऑर्गनची साथ असते असं त्यांनी वाचलंय, म्हणून त्या आवाजाचा कीबोर्ड घ्यावा की पेटी-तबल्यावर भागवावं, आणि कीबोर्ड घेतलाच तर कोणता, असं विचारलंय.

वाद्याचा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की पडद्यावर कट झाला, म्हणजे एका दृश्यावरून दुसरं दृश्य आलं, की तुम्ही चाल बदलणार आहात का? बदलणार असाल तर वुर्लिट्झर कंपनीचा खरा थिएटर ऑर्गन आणून ठेवला तरी खेळ फसेल.

आधी एक गल्लत दूर करतो. आपल्याकडे नाटकाचा ऑर्गन म्हटलं की गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून संगीत नाटकाला साथ करणारा, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. त्यात पेटीसारखेच धातूचे रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या जिभा) असतात. फरक इतकाच की पेटीत हवा रीडमधून ढकलली जाते आणि अमेरिकन बनावटीच्या या ऑर्गनमध्ये ती आत खेचली जाते, म्हणून त्याचा सूर मऊ लागतो. सिनेमाचा थिएटर ऑर्गन ही वेगळीच चीज आहे. तो नळ्यांचा असतो आणि इमारतीतच बांधून काढलेला असतो. रॉबर्ट होप-जोन्स हा इंग्लंडचा कारागीर १९१० मध्ये अमेरिकेतल्या वुर्लिट्झर कंपनीत गेला आणि त्याच्या कल्पनांवर तिथे 'युनिट ऑर्केस्ट्रा' हा थिएटर ऑर्गन उभा राहिला. चर्चच्या ऑर्गनला साधारण ३-४ इंच पाणी उचलून धरेल इतका हवेचा दाब पुरतो, थिएटर ऑर्गनला १० इंच किंवा त्याहून जास्त लागतो. नळ्यांचा एकच संच वेगवेगळ्या सप्तकांत उसना घेऊन वाजवता येतो, त्यामुळे थोड्या नळ्यांत आवाजाचे पुष्कळ रंग निघतात. शिवाय घोड्यांच्या टापा, पक्ष्याची शिट्टी, मोटारीचा भोंगा, दारावरची घंटा हे सगळं त्याच यंत्राला जोडलेलं असतं.

लोकांना या घंटा-भोंग्यांचंच कौतुक. साथीसाठी त्यातल्या तीन गोष्टी मोलाच्या आहेत. खर्ज पायाने वाजतो. नळ्यांच्या खोलीच्या झडपा पायाने उघडमिट करून आवाज लहान-मोठा करता येतो. आणि रंग बदलायच्या पट्ट्या घोड्याच्या नालेसारख्या वादकाभोवती वळलेल्या असतात, सगळ्या हाताच्या टप्प्यात. म्हणजे तळ (खाली सतत धरून ठेवलेला सूर) पायाशी, चाल हातात आणि डोळे पडद्यावर. वादकाला तळ न सोडता वरचा रंग बदलता येतो, आणि मूकपटाच्या साथीत हेच तर हवं.

आता 'कालिया मर्दन'मधला शेवटचा प्रसंग घ्या, कारण सगळे तिथेच घसरतात. कृष्ण डोहात उडी घेतो. मग पाण्याखालची झटापट आणि काठावर आक्रोश करणारे गोकुळवासी असे दोन धागे आलटून पालटून येतात. इथे सरसकट काय होतं तर पाण्याखाली दणक्यात द्रुत लय, कट झाला की रडवी संथ चाल, पुन्हा कट की पुन्हा द्रुत. दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रेक्षक कृष्णाऐवजी वादकांची धावपळ बघायला लागतात. एका तालमीत आम्ही हा प्रसंग असाच ठिगळं लावून वाजवला होता आणि 'पडद्यावर दिसतं तेच वाजलं पाहिजे' यावर कडाक्याचं भांडणही झालं होतं. माझं मत तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे: काठावरची माणसं रडतात ती पाण्याखालच्या झटापटीमुळेच. प्रसंग एक आहे, तर तळही एकच हवा.

हे प्रत्यक्षात असं जमतं. षड्ज काळी एक, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीवर. पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर डाव्या हाताने सा आणि मध्यम धरून ठेवायचे, प्रसंग संपेपर्यंत सोडायचे नाहीत. पाण्याखाली उजव्या हाताने अडाणा, काठावर जोगिया. दोन्ही रागांत सा, म, प आणि कोमल धैवत सामाईक आहेत, म्हणून तळ हलत नाही. पाण्याखाली रिषभ शुद्ध, काठावर कोमल. अडाण्याचा गंधार झटापटीतच खर्च करा, काठावर त्याला हात लावू नका. कट झाल्यावर लगेच कोमल रिषभावर जायचं नाही; एक-दोन मात्रा मध्यमावर थांबून मग उतरायचं. डोळ्यांनी बदल टिपल्यावर कानाला तो कळला तर गोड लागतो, आधी कळला तर घाई वाटते. लय मिनिटाला साधारण ९६ मात्रा, केरवा, शेवटपर्यंत तीच. काठावर तबलजींनी फक्त डग्गा ठेवायचा, दायाँ (उजव्या हाताचा तबला) बंद. लय तीच राहते, वरचा थर तेवढा निघतो.

आणि उडी? उडीच्या क्षणी सगळं बंद. भाताही थांबवा. पाच-सहा सेकंद काही नाही. तासाभरात अशी शांतता एकदाच वापरता येते, तेव्हा ती लोणी चोरण्याच्या प्रसंगात उधळू नका. सुरुवातीला फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, तिथेही प्रत्येक भावाला वेगळी सुरावट देण्याचा मोह होतो. नुसता सा-प पुरतो. तिचा चेहरा एवढा बोलका आहे की वर काही घालायची गरज नाही.

पडद्यावर मजकुराच्या पाट्या आल्या की संगीत थांबवायचं नाही. चाल सोडायची, तळ चालू ठेवायचा, आवाज खाली आणायचा. लोक पाट्या मोठ्याने वाचत असतील तर वाचू द्या.

ओळखीची गाणी, अभंग, गाजलेलं नाट्यपद वाजवू नका. लोक मनात शब्द म्हणायला लागतात आणि पडदा सुटतो. गोकुळातल्या खोड्यांना गवळणीची ठेवण चालेल, पण माहितीतली गवळण नको.

आता वेगाचा मुद्दा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी चालवलं तर १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, १८ ने १४ मिनिटं ४९ सेकंद आणि २४ ने ११ मिनिटं ७ सेकंद. मूकपटांचा एकच ठरलेला वेग नव्हता. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या लांबीच्या फाइली फिरत असतात. तुम्ही इंटरनेटवरच्या प्रतीवर तालीम केलीत आणि खेळाला दुसरी फाइल आली, तर वहीतली सगळी वेळापत्रकं कचऱ्यात. ज्या फाइलवर खेळ, तिच्यावरच तालीम. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून रीतसर प्रत मिळवत असाल तर वेग काय धरलाय तेही लेखी विचारून घ्या.

माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर फाइल एकेक चौकट पुढे सरकवून पाहा. दर तीन चौकटींमागे एक दोनदा येत असेल तर १८ चं २४ आधीच केलेलं आहे, हात लावू नका. एकही चौकट दोनदा येत नसेल आणि फाइल २४ ची असेल, तर प्लेअरमध्ये वेग ०.७५ करा, म्हणजे १८ मिळेल. आयोजकांना हे आठवडाभर आधी करायला लावा.

वहीत मिनिटं-सेकंद लिहून भागत नाही. डाव्या रकान्यात बदलाच्या आधीची खूण लिहा, मधल्या रकान्यात बदल, उजव्या रकान्यात काय वाजवायचं ते. खूण म्हणजे 'कृष्ण उडीसाठी सरसावतो' अशी डोळ्याला दिसणारी गोष्ट. बदल दिसल्यावर हात हलवलात तर उशीर झालाच. पहिल्यांदा वाद्याशिवाय सलग पाहा, दुसऱ्यांदा वहीसकट वाजवा, तिसऱ्यांदा वही मिटून.

बसायची जागा पडद्याच्या डाव्या अंगाला, तिरकी. अगदी पडद्याखाली बसलात तर मान वर करून अर्ध्या तासात दुखायला लागेल. वहीवरचा दिवा पिवळा आणि अगदी मंद, त्याला पडद्याच्या बाजूने पुठ्ठ्याचा आडोसा. वादकांसाठी वेगळा छोटा मॉनिटर लावलात तर त्यावरचं चित्र आणि पडद्यावरचं चित्र एकाच वेळी बदलतं का ते तपासा. काही प्रोजेक्टर किंचित मागे असतात. एसी सभागृहात कोरड्या हवेने तबल्याची पुडी ताणते आणि सूर चढतो, पेटीचा मात्र जागचा हलत नाही. म्हणून दोन तास आधी एसी चालू करून तबला तिथेच ठेवा आणि खेळाच्या आधी लावा. त्याच सुराचा दुसरा दायाँ जवळ हवा, कारण मध्ये हातोडी मारायला जागा नसते. दीडशे खुर्च्यांपर्यंत माइक लावूच नका.

मग वाद्य कोणतं? माझं उत्तर: संगीत नाटकाचा जुना ऑर्गन. पेटीत डावा हात भात्याला अडकतो, मग तळ आणि चाल दोन्ही एकट्या उजव्या हाताच्या गळ्यात. ऑर्गनला पाय हवा देतात, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि उजव्या गुडघ्याशी असलेला दांडा बाहेर रेटला की आतली झडप उघडून आवाज वाढतो. थिएटर ऑर्गनचा वादक पायाने जे करतो तेच इथे गुडघ्याने होतं. एवढं सोयीचं वाद्य आपल्याकडे असताना लोक त्याला अडगळीत टाकून कीबोर्डमध्ये 'थिएटर ऑर्गन'चं बटण शोधतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

जुना ऑर्गन मिळाला तर आधी तपासा. सगळे स्टॉप (रीडचे संच चालू-बंद करायच्या खुंट्या) बंद ठेवून दहा-बारा वेळा पाय मारा, मग स्टॉप उघडून एक पट्टी दाबा आणि पाय थांबवा. सूर लगेच मेला तर भात्याचं कापड फाटलंय. पायाच्या फळ्यांचे पट्टे कुजलेले असतात, ते आधी बदला. एखादा सूर मुका असेल तर बहुधा रीडमध्ये कचरा अडकलाय. रीड बाहेर काढून जिभेखालून पातळ कागद हलकेच सरकवा, सुई घालू नका. उंदरांनी आतली फेल्ट खाल्ली असेल तर दुरुस्तीला महिने जातात, मग त्या खेळापुरता नाद सोडा.

ऑर्गन नाहीच मिळाला तर पेटी, आणि तळासाठी सुरपेटी किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी एकला, सा-म लावून. कीबोर्डच घ्यायचा असेल तर नाव सांगत नाही. ६१ पट्ट्या आणि आवाजासाठी पायाचं पेडल जोडायची सोय एवढं पाहा. पेडल जोडता येत नसेल तर घेऊ नका, कितीही महागडा असो. 'थिएटर ऑर्गन' नावाच्या तयार आवाजात कंप कायमचा चालू असतो, तो तासभर ऐकवत नाही. गंभीर प्रसंगात कंप बंद करता येतो का ते दुकानातच पाहून घ्या.

एक राहिलं. तळ धरून ठेवण्याचा नियम पौराणिक आणि करुण चित्रपटांसाठी. विनोदी मूकपटात माणूस घसरून पडला की ठोका द्यावाच लागतो, तिथे अमेरिकेतले ऑर्गनवादक घंटा-भोंगे मोकळेपणाने वापरायचे आणि ते शोभायचंही. तसंच, अनेक वादकांचा लिहून काढलेला संगीताचा खेळ असेल, जसा सतारवादक अनुष्का शंकर यांनी २०१७ मध्ये 'शिराझ' या मूकपटासाठी केला, तर तिथे घड्याळाबरहुकूमच चालावं लागतं. तुमच्या क्लबाचं काम त्याहून पुष्कळ सोपं आहे.

तरीही तुमच्या तबलजींना प्रत्येक कटावर तोडा वाजवायचाच असेल, तर वाद घालत बसू नका. डोहाचा प्रसंग दोन्ही पद्धतींनी फोनवर रेकॉर्ड करा, फाइलसोबत लावा आणि तालमीला न आलेल्या कुणालाही दोन्ही दाखवा. कोणतं बरं वाटलं हे विचारू नका. काठावर कोण कोण होतं ते विचारा. ज्या पद्धतीत माणसं आठवतील, तसं वाजवा.