जुन्या गाडीचं क्रोम पुन्हा चढवून घ्यावं की नवे भाग आणून बसवावेत?

तुम्ही लिहिलंय की १९६० च्या दशकातली गाडी खोलली आहे. बंपर गंजलाय, दारावरच्या पट्ट्यांना पोचे आहेत, बिल्ल्यांवर पुळ्या आल्यात आणि ‘सगळंच नवं आणा’ असा सल्ला मिळतोय. माझं म्हणणं, असा सरसकट निर्णय घेऊ नका. एकेक भाग हातात घ्या आणि चकाकीखाली कोणता धातू आहे ते आधी ओळखा. जुन्या गाडीवर चमकणारं सगळंच क्रोम नसतं.

त्यासाठी एक चुंबक पुरतं. बंपरला ते घट्ट चिकटेल, कारण तो पोलादी पत्रा आहे. दारावरच्या आणि काचेभोवतीच्या पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेस स्टीलच्या निघतात. काही स्टेनलेसलाही चुंबक धरतं, म्हणून पट्टी उलटून पाहा. मागे मुलामा नाही, गंज नाही, नुसता मळ आहे, तर ते स्टेनलेस. पट्टी वजनाला अगदी हलकी असेल आणि तिच्यावर पांढुरके डाग असतील, तर ते ॲनोडायझिंग केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार केलेलं ॲल्युमिनियम. बिल्ले, दाराच्या मुठी, दिव्यांच्या कडा हाताला जड लागतात, चुंबकाला दाद देत नाहीत आणि त्यांच्या पाठीवर ओततानाच उठलेले आकडे असतात. हे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग.

स्टेनलेसच्या पट्ट्या प्लेटिंगला, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवायलाही देऊ नका आणि बदलूही नका. लाकडी ठोकळ्यावर पट्टी पालथी ठेवून छोट्या हातोडीने हलके ठोके देत पोचा वर आणायचा. पुढून पॉलिश पेपर फिरवला की उंचसखल जागा लगेच दिसतात. मग ४००, ६००, ८००, १२०० नंबरचे पेपर वापरत बारीक होत जायचं आणि शेवटी बफ मारायचा, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणायची. माझी पहिली पट्टी करायला एक अख्खा दिवस गेला, चौथी दोन तासांत झाली. मूळ कारखान्यातली पट्टी पुन्हा तशीच झळकताना पाहण्यासारखं सुख या कामात दुसरं नाही. ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग आधी रसायनाने उतरवावं लागतं, मग पॉलिश आणि पुन्हा ॲनोडायझिंग. ते ज्याला जमतं त्याच्याकडेच द्या.

बंपर मात्र नीट समजून घ्यायला हवा. त्यावर साधारणपणे तीन थर असतात: खाली तांबं, मधे निकेल आणि वर क्रोम. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. खरी चमक आणि गंजापासूनचं बरंचसं रक्षण निकेलचं, क्रोम त्याला निळसर छटा आणि कठीणपणा देतं. क्रोममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, त्यांतून पाणी खाली जातं आणि निकेल पातळ असेल तिथे ते पत्र्यापर्यंत पोचतं. म्हणून तांबूस ठिपके दिसले की लगेच प्लेटरकडे धावू नका. ॲल्युमिनियमच्या फॉईलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. गंज निघाला आणि खाली चकाकी शाबूत असली, तर मेण लावा आणि तो भाग तसाच राहू द्या. पिवळसर चट्टा दिसत असेल तर तिथलं क्रोम गेलंय आणि निकेल उघडं पडलंय. मग कितीही पॉलिश लावा, ते परत येत नाही.

अशा वेळी पुन्हा प्लेटिंग. यातलं खरं काम घासण्याचं आहे, प्लेटिंगच्या टाकीतलं नव्हे. जुने थर उतरवायचे, खड्डे घासून काढायचे, तांबं चढवायचं, ते बफ करायचं, गरज पडल्यास पुन्हा तांबं, आणि मगच निकेल व क्रोम. मुलामा ओरखडा झाकत नाही, उठून दाखवतो. म्हणून प्लेटरला विचारा की तांबं बफ करणार का, आणि निकेलचे दोन थर देणार का. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरा शोधा.

पत्रा बोल्टच्या भोकांपाशी आणि दुमडलेल्या कडांना कागदासारखा झाला असेल, तर तो बंपर संपला. तरीही माझी पहिली पसंती नव्या नकलेला नाही. क्रोम पार उडालेला पण सरळ आणि जाड पत्र्याचा दुसरा जुना मूळ बंपर शोधा आणि त्यावर प्लेटिंग करून घ्या. मी एकदा घाईने नवा मागचा बंपर आणला. चकाकी सुरेख होती, पण एका कोपऱ्यात बोटभर फट राहिली आणि भोकं रुंद करावी लागली. गाडीची रेषा तिथे कायमची बिघडली, आणि मला ते आजही खुपतं.

ओतीव बिल्ल्यांच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. पुळ्या म्हणजे आतलं जस्त कुजलेलं असतं. प्रत्येक पुळी कोरून काढायची, आधी तांब्याचा थर द्यायचा, कमी तापमानाला वितळणाऱ्या डाखाने खड्डा भरायचा आणि सपाट करायचा. हे फार जिकिरीचं आहे. एका प्लेटरने माझा बॉनेटवरचा बिल्ला इतका बफ केला की वापरलेल्या साबणाच्या वडीवर राहतात तशी अक्षरं उरली. म्हणून बिल्ल्याची चांगली प्रत मिळत असेल तर खुशाल घ्या. कुठेच मिळत नसेल तरच दुरुस्तीचा हट्ट धरा.

शेजारी शेजारी दिसणारे भाग एकाच ठिकाणी, एकाच वेळी द्या. क्रोम चढवायची द्रावणं दोन प्रकारची असतात, षट्संयुजी आणि त्रिसंयुजी. षट्संयुजी क्रोमची निळसर छटा आणि त्रिसंयुजी क्रोमची किंचित गडद छटा उन्हात वेगळी कळते. षट्संयुजी क्रोमचं द्रावण कर्करोगकारक आहे, तेव्हा घरी प्लेटिंगचा प्रयोग करू नका. गाडी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीची असती तर क्रोम लावूच नका म्हटलं असतं, कारण तेव्हा निकेलच असायचं.

देण्याआधी प्रत्येक भाग गाडीवर बसवून पाहा. प्लेटिंगनंतर वाकवायला गेलात तर मुलामा तडकतो. भागांचे फोटो काढा, मोजून यादी करा आणि तिच्यावर प्लेटरची सही घ्या. बंपर परत आला की त्याची मागची पोकळ बाजू बघा. तिथे क्रोम जवळपास पोचतच नाही. बसवण्याआधी ती बाजू गंजरोधक प्रायमरने रंगवा आणि वरून मेण मारा.