युनियन फक्त पगारासाठीच असते का? ताण, आजारपण, मानसिक त्रास ह्यात तिचा काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की पगारवाढ आणि बोनस सोडला तर युनियन कामगारांच्या तब्येतीसाठी, मनासाठी खरंच काही करते का, आणि पीएचडी करणाऱ्या तुमच्या बहिणीला तिचा काय उपयोग. मी नऊ वर्षं एका कारखान्यात पॅकिंगची कामगार प्रतिनिधी होते, त्यामुळे जे बघितलंय त्यावरूनच सांगते. उपयोग होतो, आणि खूप होतो.

आमच्याकडे एका वर्षी डिपार्टमेंटमधल्या सिक लिव्ह एकदम वाढल्या. मॅनेजमेंटने स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं, श्वास कसा घ्यायचा, विचार कसे शांत करायचे वगैरे, तेही शिफ्ट सुटल्यावर. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, पण पुढच्याच आठवड्यात एकजण मशीनजवळ चक्कर येऊन पडली. मग आम्ही तिघी मागच्या तीन महिन्यांचे शिफ्ट चार्ट घेऊन बसलो आणि कोण कधी रजेवर गेलं ते वहीत तारखेसमोर लिहीत गेलो, तर दिसलं काय, की आजारी पडणाऱ्या बहुतेकजणी त्याच होत्या ज्यांची सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फर्स्टला बोलावलेलं असायचं. मधल्या आठ तासांत घरी जायचं, घरचं बघायचं, झोपायचं आणि परत यायचं. त्यांचे श्वास नीटच चालू होते हो, त्यांना झोपच मिळत नव्हती! युरोपियन युनियनच्या २००३ च्या नियमात रोज सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते, तेवढीच आम्ही मागितली. चार महिने मिटिंगा चालल्या, पण शेवटी ११ तासांचं अंतर आणि चार्ट दोन आठवडे आधी लावायचा हे करारात आलं. एकटी बाई जाऊन म्हणाली असती की मला झोप पुरत नाही, तर बाकीच्यांना कसं जमतं हेच ऐकून परत आली असती.

हे काही आमचंच नाही. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ पासून व्हाइटहॉलचा दुसरा अभ्यास चालू झाला, त्यात दिसलं की ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. आणि डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, आणि आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, ह्यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत स्ट्रोकचा धोका साधारण ३५ टक्के जास्त. कामाचे तास हा तब्येतीचाच प्रश्न आहे, आणि तास कमी करून घेणं हे संघटनांचं सगळ्यात जुनं काम. १८८६ चा शिकागोचा संप आठ तासांसाठीच होता, १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, आणि आयएलओचा १९१९ चा पहिलाच करार कामाच्या तासांवर आहे.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम मेमोच्या, म्हणजे कारवाईच्या नोटिशीच्या, मिटिंगमध्ये शेजारी बसण्याचं. मेमो आलेल्या माणसाची अवस्था ज्याने बघितलीय त्यालाच कळेल, जेवण जात नाही, घरी सांगवत नाही, समोर तीन साहेब आणि हा एकटा, हात थरथरतायत आणि समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो. मी शेजारी बसून एवढंच करायचे, आरोप लेखी मागायचे, आवाज चढला की दहा मिनिटं थांबूया म्हणायचे, आणि आज सही नको, उद्या वाचून करू, असं सांगायचे. एकाने नंतर मला सांगितलं की त्या आठवड्यात जीव द्यायचा विचार डोक्यात होता. त्याच्याबरोबर मी डॉक्टरकडे गेले, कारण प्रतिनिधी म्हणजे डॉक्टर नव्हे आणि तिथे आपलं डोकं चालवायचं नसतं. पण त्याने ते मला सांगितलं, कारण त्याला माहीत होतं की माझ्याकडून ते एचआरकडे जाणार नाही.

आता तुमच्या बहिणीचं. रिसर्च करणारी मुलं धड विद्यार्थी नाहीत, धड कर्मचारी नाहीत, लॅब सांभाळतात, पेपर तपासतात, शिकवतात, आणि सगळं एका गाईडच्या सहीवर अडकलेलं. त्यामुळे स्टायपेंड उशिरा आला काय किंवा रात्री अकराला फोन आला काय, बोलणार कोण? कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ मध्ये अशाच सुमारे ४८,००० जणांनी जवळपास सहा आठवडे संप केला, आणि पगाराबरोबर भरपगारी रजा, मुलांच्या सांभाळासाठी मदत आणि छळापासून संरक्षण हेही करारात आणलं. शाळेतल्या मुलांचंही तसंच, शिकागोच्या शिक्षक संघटनेच्या २०१९ च्या संपात प्रत्येक शाळेत नर्स आणि सोशल वर्कर हवा ही मागणी होती आणि ती मान्य झाली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, शिक्षकांनी मुलांसाठी नर्स मागितली. आणि आयएलओचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार कामाच्या जागच्या हिंसा आणि छळाबद्दल आहे, त्यात इंटर्न आणि अप्रेंटिससुद्धा धरलेत, अर्थात देशाने तो मान्य केलेला असेल तर.

सगळ्याच युनियन चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. त्रास देणारा आणि सोसणारी दोघंही सभासद असले की कित्येक ठिकाणी तक्रार दाबली जाते, आमच्याकडेही एकदा दाबली गेली आणि ती मुलगी नोकरी सोडून गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून बहिणीला सांगा, सभासद होण्याआधी दोन गोष्टी विचार, तक्रार कोणाकोणाला कळते, आणि तक्रार दुसऱ्या सभासदाविरुद्ध असेल तर दोघांना वेगवेगळा प्रतिनिधी मिळतो का. आणि आजपासून एक वही कर, तारीख, वेळ, कोण काय बोललं, त्या दिवशी किती तास काम झालं, झोप किती झाली. आमचं सगळं त्या वहीवरच उभं राहिलं होतं. बरोबरच्या आणखी दोघींनी तशीच वही ठेवली तर तिघींनी मिळूनच प्रतिनिधीकडे जा, एकटीने नको.