३० टक्के ग्लास-फिल्ड नायलॉन ६६ची फ्रॅक्चर टफनेस किती धरावी?

इंजिनाजवळ बसणाऱ्या ब्रॅकेटच्या गणितासाठी आपल्याला या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या फ्रॅक्चर टफनेसचा, म्हणजे भेग पुढे सरकण्याला तो करत असलेल्या विरोधाचा, एक आकडा हवा आहे. पण दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे मिळाल्याने त्यांतला खरा कोणता, असे आपण विचारले आहे. मोल्डिंग केलेल्या भागांच्या चाचण्या हे माझे रोजचे काम आहे आणि त्यावरून सांगतो की दोन्ही आकडे खरे असू शकतात. नमुना किती ओला होता, किती गरम होता, किती वेगाने तोडला आणि भेग कोणत्या दिशेने गेली, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्या आकड्याचा डिझाइनला उपयोग नाही.

सर्वांत मोठा फरक पाण्याने पडतो. नायलॉन हवेतली आर्द्रता शोषते आणि पाण्याचे रेणू तिच्या लांब रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. कोरड्या नायलॉन ६६चे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली प्लॅस्टिक काचेसारखे कडक आणि वर मऊ वागते) साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस असते. पाणी शोषल्यावर ते खोलीच्या तापमानापर्यंत, कधी त्याच्याही खाली येते. म्हणून साच्यातून नुकताच निघालेला भाग खोलीत ठिसूळ वागतो, तर तोच भाग आर्द्रतेशी समतोल साधल्यावर, म्हणजे ‘कंडिशन’ झाल्यावर, भेगेच्या टोकाशी ताणला जाऊन बरीच ऊर्जा खातो. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण ताणशक्ती सुमारे १९० मेगापास्कलवरून १३० पर्यंत उतरते. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या भागाला खोलीतल्या हवेत समतोल गाठायला महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात त्याची कातडी ओली आणि गाभा कोरडा असतो. (मोल्डिंगपूर्वी दाण्यांत राहिलेले पाणी ही मात्र निराळी गोष्ट आहे. ते वितळलेल्या नायलॉनच्या साखळ्या तोडते आणि भाग कायमचा ठिसूळ करते, म्हणून दाणे नीट सुकवणे अत्यावश्यक असते.)

आपल्या ब्रॅकेटच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती इथेच. इंजिनाच्या उष्णतेत भाग सुकत जातो. तो गरम असेपर्यंत काचसंक्रमणाच्या वर असल्याने चिवट राहतो, पण गाडी थंड प्रदेशात रात्रभर उभी राहिली की पहाटे तो कोरडाही असतो आणि गारही. त्याच क्षणी धक्का बसला तर आणखी वाईट, कारण पॉलिमरला वेगाने दिलेला भार थंडीसारखाच जाणवतो. म्हणून कंडिशन केलेल्या नमुन्याचा २३ अंशांवरचा, संथ चाचणीचा आकडा आपल्या गणितात धरू नये.

दिशेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये पृष्ठभागाजवळचे तंतू प्रवाहाच्या दिशेने लागतात आणि मधल्या थरातले बहुधा आडवे. प्रवाहाला काटकोनात जाणाऱ्या भेगेला पृष्ठभागाच्या थरांतले तंतू नायलॉनपासून सोडवून उपटावे किंवा तोडावे लागतात. प्रवाहाच्या दिशेने जाणारी भेग त्यांच्या शेजारून निसटते आणि टफनेस कमी भरते. दोन्ही दिशांनी नमुने कापल्याखेरीज मी कोणताही अहवाल पूर्ण मानत नाही.

मोजताना जाडी तपासावी. समतल विकृतीच्या (भेगेच्या टोकाशी पदार्थ जाडीच्या दिशेने आकसू न शकण्याच्या) अटीनुसार टफनेस भागिले यील्ड स्ट्रेस (ज्या ताणाला पदार्थ कायमचा ताणला जाऊ लागतो तो), त्याचा वर्ग आणि त्याची अडीचपट, एवढी जाडी लागते. समजा टफनेस ८ मेगापास्कल-रूट-मीटर आली आणि वरच्या ताणशक्तीच यील्डच्या जागी घेतल्या, तर कोरड्या नमुन्याला सुमारे साडेचार मिलिमीटर पुरतात, पण कंडिशन केलेल्याला साडेनऊ लागतात. चार मिलिमीटरच्या पट्टीवर ओल्या नमुन्यासाठी केआयसी (समतल विकृतीतली फ्रॅक्चर टफनेस) म्हणून छापलेला आकडा त्यामुळे बहुधा वैध नसतो. तिथे भेग वाढताना खर्च होणारी ऊर्जा मोजणारी जे-इंटिग्रल पद्धत वापरावी. खाचेच्या टोकाशी दर नमुन्याला नव्या ब्लेडने धारदार भेग द्यावी, कारण बोथट खाचेने आकडा फुगतो. डेटाशीटवरची शार्पी किंवा आयझॉड (लोलकाच्या धक्क्याने पट्टी तोडण्याच्या चाचण्यांची) मूल्ये मात्र फ्रॅक्चर टफनेस म्हणून कधीही वापरू नयेत.

आपल्या ब्रॅकेटला बोल्टचे भोक असेल, तर त्याच्या मागे दोन प्रवाह मिळून वेल्ड लाइन तयार होते आणि तिला ओलांडणारे तंतू जवळजवळ नसतात. शक्य झाल्यास प्रत्यक्ष भागातून तिथलाच नमुना कापून, पूर्ण सुकवून, आपल्या सर्वांत कमी अपेक्षित तापमानाला तोडून पाहावा आणि गणितात तोच आकडा घ्यावा.