दशांश दिला नाही, तर शाप लागतो का?

प्रश्न : सात महिने यजमानांना काम नाही. माझ्या एकटीच्या पगारात घर, कर्जाचा हप्ता आणि सासूबाईंची औषधे भागवते. पूर्वी आम्ही नेमाने दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, मंडळीला द्यायचो. आता जमेल तेवढे अर्पण टाकते. आमचे पाळक बायबलातल्या मलाखीचा तिसरा अध्याय वाचून सांगतात, दशांश न देणारा देवाला ठकवतो आणि शापाखाली राहतो. देणाऱ्यांची यादी मंडळीच्या फळ्यावर लागते. उपासनेला जायचीच धास्ती वाटते. औषधे थांबवून दशांश द्यावा का? — एक भगिनी

उत्तर : ताई, औषधे थांबवू नका. बाकीचे सावकाश बोलू, हे आधी. आईबापांच्या पोषणाचे ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये चांगलेच फटकारले आहे.

मलाखी ३ मीही पाळक असताना पुष्कळदा वापरला. ‘वापरला’ हाच शब्द खरा. एका वर्षी मंडळीच्या खात्यात खडखडाट होता, माझा पगार दोन महिने थकलेला. मी तोच अध्याय काढला आणि त्यातल्या ‘आकाशकपाटे उघडून आशीर्वाद ओतीन’ या वचनापेक्षा शापावरच जास्त बोललो. पुढच्या रविवारी खजिनदार आणि मी पाकिटे फोडत बसलो. एक पाकीट नीट चिकटवलेले, वर सुवाच्य नाव, आत काहीच नाही. नोटा पडल्या असतील म्हणून आम्ही टेबलाखालीही पाहिले. त्याच्या पुढच्या रविवारी तेच नाव, पुन्हा रिकामे. मग उमगले. थाळी रांगेतून फिरताना शेजारणीला रिकामा हात दिसू नये, म्हणून. खजिनदाराने विचारले, “वहीत या नावापुढे काय लिहू?” मला काही सुचले नाही.

त्या रात्री तो अध्याय पहिल्यापासून वाचला. पाचव्याच वचनात देव मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना गांजणाऱ्यांवर उठला आहे. हे वचन मी दानार्पणाच्या रविवारी एकदाही वाचले नव्हते! दशांश ‘भांडारात’ आणा, असे तो अध्याय म्हणतो; ‘भांडार’ म्हणजे मंदिराचे कोठार. तिथला दशांश लेव्यांसाठी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशासाठी, कारण त्यांच्या वाट्याला जमीन नव्हती (गणना १८). अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा. लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. त्या हिशेबाने या वर्षी दशांश तुमच्या दारात यायला हवा होता.

अब्राहामाने मोशेच्या नियमशास्त्राच्या आधीच दशांश दिला, असे कोणी सांगेल. दिला, पण तो लढाईतल्या लुटीचा. तो दरमहा देत होता, असे कुठे लिहिलेले नाही. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा टक्का ठरवला नाही. ‘प्राप्तीच्या मानाने’ म्हणाला. देणे भाग पडते म्हणून देऊ नका, असेही म्हणाला. जवळ नाही त्याचा हिशेब देव मागत नाही, हे २ करिंथ ८:१२ मध्ये आहे. आणि शापाचे म्हणाल तर गलती ३:१३ वाचा, ख्रिस्ताने तो आपल्यावरून उचलला आहे. सक्ती नंतरची. ५८५ साली आजच्या फ्रान्समधल्या माकोनच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला मंडळीबाहेर काढायचे ठरवले; ७७९ मध्ये फ्रँकांचा राजा शार्लमेन याने त्याचा राज्याचा कायदा केला.

मी स्वतः आजही दहावा भाग बाजूला काढतो. सवय चांगली आहे, आणि पाळकाचीही चूल पेटावी लागते (१ करिंथ ९:१४). खुशीचे देणे म्हणजे खिशात उरलेली चिल्लर नव्हे; ज्याला परवडते त्याने दहावर थांबूही नये. पण हे मी नोकरीवाल्यांना सांगेन, तुम्हाला आज नाही. तुम्ही टाकता तेवढे पुरे आहे.

राहिला फळा. आमच्याकडे आम्ही पाकिटांवरची नावे बंद केली आणि फळ्यावर मंडळीचा खर्च लावला. पहिले तीन महिने अर्पण घटले, खजिनदार माझ्याशी धड बोलत नव्हता. मग हळूहळू सावरले, तरी पूर्वीइतके काही झाले नाही.

पाळकांना भेटाच, पण एकट्या जाऊ नका, यजमानांना सोबत न्या. घरात सात महिने काम नाही हे पाळकांना ठाऊक आहे का, ते तुमच्या पत्रावरून कळत नाही.