झोर्की-४ ला जुनी आट्यांची लेन्स कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न असा, की उदगीरच्या घरात आजोबांचा झोर्की-४ हा जुना रशियन फिल्म कॅमेरा सापडला, लेन्स गायब, समोर नुसतं आट्यांचं भोक, आणि ऑनलाइन ३९ मिमी स्क्रू माउंटच्या लेन्सा बघून डोकं फिरायलंय, तर कोणती घेऊ आणि आणून फिरवून बसवली की झालं का?

"बसवली की झालं का" ह्याचं आधी सांगतो, माझे पैसे तिथंच बुडालेत.

मी वाळूजला एका कारखान्यात सीएनसीवर आहे. आटे, व्हर्नियर, मायक्रॉन हे रोजचंच, तरी पहिली लेन्स घेताना मीच गंडलो. इंडस्टार-५० घेतली, आटा ३९ चा, झोर्कीवर दोन-तीन वेढ्यात गच्च बसली. रविवारी दौलताबादला जाऊन अख्खा रोल संपवला, चांदमिनार, खंदक, मेंढा तोफ, व्ह्यूफाइंडरमधे सगळं कसं लख्ख दिसत होतं. रोल धुतला तर ३६ च्या ३६ फ्रेमा अशा की चष्मा काढून बघितल्यासारख्या. ती लेन्स झेनिटची होती, म्हणजे आरशातून लेन्समधूनच बघायच्या एसएलआर कॅमेऱ्याची. नाव तेच, आटा तोच, पण झेनिटमधे माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.२ मिमी आणि तुमच्या-माझ्या झोर्कीत, तसंच लायका ह्या जर्मन कॅमेऱ्यात, २८.८. म्हणजे लेन्स फिल्मच्या १६.४ मिमी जास्त जवळ जाऊन बसली, मग कितीही फिरवा, फोकस येणारच नाही. विकणाऱ्यानं "३९ मिमी" लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं हो.

तर मूळ गोष्ट ही आहे बघा, रेंजफाइंडरमधे, म्हणजे झोर्कीसारख्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधून बघतच नाही. बाजूच्या खिडकीतून बघतो. लेन्स चुकीची असो, धुरकट असो, पुरती बाहेर ओढलेली नसो, खिडकीत सगळं छानच दिसतं, कळतं ते रोल धुतल्यावर. म्हणून कंपनी कोणती, एफ किती (हा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते) ह्याच्या आधी लेन्स उलटी करून मागची बाजू बघायची. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागं एक कडं असतं, फोकस फिरवला की ते पुढंमागं सरकतं आणि कॅमेऱ्याच्या आतला दांडा ढकलतं. विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवाच, कडं नसेल तर ती एसएलआरची नाहीतर एन्लार्जरची (फिल्मवरून कागदावर मोठा फोटो काढायच्या यंत्राची), एन्लार्जरच्या पण लई लेन्सा ह्याच आट्यात येतात. आणि बसवल्यावर खिडकीतली दुहेरी प्रतिमा (फोकस बरोबर आला की दोन्ही एक होतात) फोकसबरोबर सरकली पाहिजे. माझी सरकत नव्हती. मी म्हणलं लांबचेच फोटो काढायलोय, कशाला बघू!

आता घ्यायची कोणती. झोर्कीची खिडकी ५० मिमीच्या हिशोबाची आहे, ३५ किंवा ८५ घेतली तर वर वेगळा फाइंडर लावावा लागतो, त्या भानगडीत आत्ताच पडू नका. सरळ ज्युपिटर-८ घ्या, ५० मिमी एफ/२. ही जर्मन झाइस कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या सोनार लेन्सवरून बनवलेली, मूळ डिझाइन लुडविग बेर्टेलेचं, महायुद्धानंतर ते रशियाकडं आलं. एफ/२ वर माणसाचा चेहरा मऊ येतो, कडा जरा सांडतात, एफ/५.६ ला मात्र खडखडीत. अॅपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करायच्या, रिंगला टकटक नाही, नुसती फिरते, तेवढी सवय करून घ्या. बजेट कमी असेल तर इंडस्टार-६१ एल/डी, ५५ मिमी एफ/२.८, दिसायला काही नाही पण काम चोख. रशियन लेन्सांवर नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा साल असतं, ६३ ने सुरू झाला तर १९६३.

जपानी कॅननची ५०/१.८ बनावटीला ह्यांच्यापेक्षा सरस आहे, पण तिच्यात अॅपर्चरजवळच्या भिंगावर धुरकट थर येतो आणि कधीकधी तो काचच खातो, मग पुसून जात नाही. लायकाची एल्मार ५०/३.५ देखणी, मिटून आत जाते. पण मिटणाऱ्या लेन्सांचं तेच, पूर्ण ओढून फिरवून लॉक नाही केली तर खिडकीत कळत नाही आणि फोटो गेला.

लेन्स हातात आली की अॅपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारा. धूळ, बारीक बुडबुडे ह्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, दुधाळ पडदा दिसला तर हेझ, दोन्हीपैकी एक जरी दिसलं तरी परत करा. आपल्याकडं कोकणाएवढा बुरशीचा त्रास नाही, पण ती लेन्स आधी कुठल्या गावच्या कपाटात होती हे आपल्याला काय माहीत. मराठवाड्यात त्रास उलटा आहे, ऊन. मे मधे गाडीत ठेवली की आतलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं, पाती हातानंच फिरतात म्हणून अडत नाही, पण त्याच तेलाची वाफ भिंगावर बसून हेझ होतो. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, चामड्याच्या जुन्या केसमधे अजिबात नाही, पावसाळ्यात ते चामडं ओल धरतं.

आणखी एक उन्हाचं. ह्या कॅमेऱ्यात आरसा नाही, शटर म्हणजे रबर लावलेलं कापड. शाळेत भिंगानं कागद जाळायचो ना, तसं कॅमेरा गळ्यात लटकलेला असताना लेन्स सूर्याकडं राहिली तर कापडाला भोक पडतं. म्हणून झाकण लावून फिरा. आणि झाकण काढायचं विसरू नका, कारण खिडकीतून तरीही सगळं दिसतं! भाचीच्या हळदीला मी अकरा फोटो झाकण लावून काढलेत, घरात अजून त्यावरून ऐकवतात.

आता फिल्म वाया न घालवता लेन्स जुळते का बघायची युक्ती. झोर्की-४ ची पाठ पूर्ण निघते. काढा, फिल्म जिथून सरकते त्या आतल्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, सुरकुती नको. शटर बी वर (दाबून धरलं तेवढा वेळ उघडं राहतं) ठेवून दाबून धरा, कॅमेरा स्टँडवर. अॅपर्चर एफ/२. खिडकीत दुहेरी प्रतिमा एक मीटरवरच्या कॅलेंडरच्या आकड्यावर जुळवा आणि मग कागदावर उलटी पडलेली प्रतिमा भिंगातून बघा, तोच आकडा टोकदार आहे का. मग लांबच्या टॉवरवर तसंच. हा एकच वेळ असतो जेव्हा रेंजफाइंडरवाला लेन्समधून बघतो. एफ/२ ला फिल्मच्या जागी चूक साधारण ०.०६ मिमी चालते, केसाच्या जाडीएवढी, एफ/८ ला त्याच्या चौपट. म्हणून दुपारी उन्हात काढलेले फोटो बरे येतात आणि संध्याकाळी घरातले बिघडतात, लोक उगाच हात हलला म्हणतात. लांबचं जुळतंय आणि जवळचं नाही असं झालं तर लेन्सचे शिम (आतल्या पातळ चकत्या) स्वतः काढू नका, आधी दुसरी लेन्स लावून बघा, दोष बहुतेक कॅमेऱ्याच्या दांड्याचा निघतो.

आट्याची गंमत सांगायची राहिली. लायकाचा आटा ३९ मिमी व्यासाचा पण इंचाला २६ वेढे, म्हणजे साधारण ०.९७७ मिमी पिच (दोन वेढ्यांतलं अंतर). लायका बनवणारी लायट्झ मूळची मायक्रोस्कोपवाली कंपनी, तिथं इंग्लिश व्हिटवर्थ आटे चालायचे. रशियन मापात तोच ३९ मिमी, पिच १ मिमी. वेढे मोजून दोन-चार, त्यामुळं फरक जाणवत नाही, पण एखादी लेन्स शेवटी अडली तर जोर लावू नका, मी एका बॉडीचे आटे असेच खाल्लेत.

सुरुवातीला ४०० ची फिल्म, भर दुपारी १/५०० आणि एफ/१६, ढग आले की एफ/८. पुढं हूड (तिरपं ऊन अडवणारं कडं) लावा, जुन्या कोटिंगला आपलं ऊन सोसत नाही, ज्युपिटर-८ ला ४०.५ मिमीचा हूड बसतो. आणि झोर्कीचं शटर स्पीड फिल्म पुढं सरकवल्यावरच बदला, आधी फिरवलं तर आतली यंत्रणा बिघडते, मग लेन्स कोणती ह्याला काही अर्थ नाही.