फोटोतले घर आणि पारोळ्याचे ऊन

धुळे, वैशाखातली दुपार

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र, सोबतची एकवीस घरांची चित्रे आणि पारोळ्याच्या घराचा कच्चा नकाशा, सगळे मिळाले. जुने धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर उतरवून तिथे नवे बांधायचे आणि त्याचा नकाशा वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाला असलेल्या घरच्या मुलीनेच काढायचा, हा तुझ्या वडिलांचा निर्णय मला आवडला. काळजीही वाटली, कारण पहिलेच घर आपल्या माणसांसाठी बांधण्यात एक अडचण असते. ते बिघडले तर पुढची तीस वर्षे दर दिवाळीला त्याच घरात जेवायला जावे लागते.

चित्रे मी दोनदा पाहिली. निवड चांगली आहे, नजर तयार होते आहे. पण एकवीसपैकी एकाही चित्रात वाळत घातलेले कपडे नाहीत, पाण्याची टाकी नाही, आणि ते कोणत्या महिन्यात, किती वाजता काढले हे कुठेही लिहिलेले नाही. छायाचित्रकार आपल्या सोयीच्या वेळी घरापाशी जातो. राहणाऱ्याला त्या घरात भर दुपारीही राहावे लागते.

तुझ्या नकाशात पश्चिमेच्या रस्त्याकडे दोन मजले उंच काच आहे आणि ही कल्पना तू फार्न्सवर्थ हाउसवरून घेतल्याचे लिहिले आहेस, म्हणून त्या घराबद्दल थोडे सविस्तर सांगतो. मीस व्हॅन डर रोहे यांनी ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, प्लॅनो गावाजवळ, फॉक्स नदीच्या काठी बांधले आणि १९५१ साली ते पूर्ण झाले. पांढऱ्या पोलादी खांबांनी धरलेली जमीन आणि छत, दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी काच, आणि आत न्हाणीघर व शेगडी सामावून घेणारा एक लाकडी गाभा, इतकेच ते घर आहे. मालकीण एडिथ फार्न्सवर्थ शिकागोत डॉक्टर होत्या आणि हे त्यांचे सुट्टीत येऊन राहण्याचे घर होते. तरीसुद्धा उन्हाळ्यात आत उकडत असे, थंडीत काचेवर आतून पाणी धरत असे, आणि पुढे खर्चावरून मालकीण आणि वास्तुकार यांच्यात कोर्टकज्जा झाला. नदीला पूर येतो हे ठाऊक असल्यामुळे घराची जमीन सुमारे सव्वापाच फूट उचललेली होती. १९५४ साली पाणी त्याच्याही वर चढले आणि १९९६ साली पुन्हा चढले. इतके होऊनही मी त्या घराला थोर मानतो. वेल्डिंगची खूण घासून नाहीशी केलेला त्याचा सांधा आजही विद्यार्थ्यांनी तासभर पाहत बसावा असा आहे. मात्र जवळजवळ बेचाळीस अंश अक्षांशावर, दक्षिणेला जुन्या मेपलची सावली असताना आणि राहणारे माणूस एकटे असताना जी काच जड गेली, ती एकवीस अंशांवर, पश्चिमेला, सात माणसांच्या घराला तू लावते आहेस.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. व्यवसाय सुरू करून जेमतेम तीन वर्षे झाली होती, तेव्हा धुळ्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या दिवाणखान्याला मी पश्चिमेकडे दहा फूट रुंद आणि सात फूट उंच काच बसवली. फेब्रुवारीत वास्तुशांत झाली; रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून पाहत आणि मी, खरे सांगतो, संध्याकाळी मुद्दाम त्या रस्त्याने फेरी मारत असे. एप्रिलच्या अखेरीस मालकांचा निरोप आला. मी चारच्या सुमाराला पोचलो, तेव्हा काचेवर आतून गोधडी टांगलेली होती आणि बाहेरून भिजवलेली गोणपाटे. सोफा ओढून पूर्वेच्या भिंतीला नेलेला होता आणि फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. मालकांच्या आई दारात पदराने वारा घेत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, हाई घर शे का भट्टी?" पाऊस सुरू होण्याआधी मी पदरच्या खर्चाने ती काच काढून तिथे वीटकाम करून दिले आणि मध्ये दोन उंच, अरुंद झरोके ठेवले.

छज्जा काढला की भागेल, असे तू नकाशाच्या कडेला लिहिले आहेस. त्याचा हिशेब करून पाहू. आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला लहानसा छज्जाही पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो आणि कोवळे ऊन घरात घेता येते. पश्चिमेची गोष्ट वेगळी आहे. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला सूर्य क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर असतो, म्हणजे दोन फुटी छज्जा भिंतीवर पाऊण फुटाच्या आसपास सावली पाडेल आणि खालची सगळी काच तापतच राहील. पश्चिमेला उभ्या पट्ट्या लागतात, जाळी लागते, खोल ओसरी लागते, किंवा सरळ कडुनिंब लागतो. गावात हल्ली घराच्या दर्शनी बाजूला "एलेव्हेशन" म्हणतात आणि तिच्यावर चकचकीत पॅनेल चढवतात. तुझ्या वडिलांनाही तशीच हौस असेल, तर जाळीच्या विटांची भिंत त्यांना दाखव. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यासारखी देखणी दर्शनी बाजू दुसरी नाही.

आता तुझ्या चित्रांतल्या त्या करड्या घराकडे वळू, ज्याच्याबद्दल तू एक ओळही लिहिलेली नाहीस. ओसाकातल्या सुमियोशी भागात तादाओ आंदो यांनी १९७६ साली बांधलेले ते अझुमा कुटुंबाचे घर आहे. रुंदी सुमारे सव्वातीन मीटर, खोली सुमारे चौदा मीटर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या इमारती, आणि रस्त्याकडे एका दाराखेरीज काहीही नाही, खिडकीसुद्धा नाही. आत घराचे तीन सारखे भाग केलेले आहेत आणि मधला भाग हा उघडा चौक आहे. वरच्या खोल्यांना जोडणारा पूल आणि खाली उतरणारा जिना दोन्ही त्या चौकातच असल्यामुळे पावसाळी रात्री झोपायच्या खोलीतून न्हाणीघरात जायचे तर छत्री घ्यावी लागते. या घराला १९७९ साली जपानच्या वास्तुशिल्प संस्थेचा पुरस्कार मिळाला. त्याच्यावर वाद पुष्कळ झाले, अजून होतात.

तुझी जागा अठरा फूट रुंद आणि साठ फूट खोल आहे, दोन्हीकडे भिंतीला भिंत. म्हणजे एकवीस घरांपैकी तुझ्या घराचे नात्यातले घर हेच एक आहे. आंदो यांनी चौक ज्या कारणासाठी ठेवला ते शहराच्या गजबजाटातून आभाळाचा एक तुकडा आपलासा करण्याचे होते. आपल्याकडे त्यात आणखी एका कारणाची भर पडते. अरुंद आणि खोल चौकात दिवसा ऊन थोडाच वेळ उतरते आणि रात्री त्याची जमीन व भिंती उघड्या आभाळाकडे उष्णता सोडून निवतात, आणि ही गार हवा सकाळी उशिरापर्यंत तळाशी राहते. चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादेत १९६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत बांधलेले ट्यूब हाउसही असेच अरुंद, सुमारे बारा फूट रुंद होते. त्यात उतरत्या छपराच्या कडेने गरम हवा वर सरकून माथ्याच्या झरोक्यातून बाहेर पडे आणि खालून ताजी हवा आत ओढली जाई. ते घर आता उरलेले नाही, पण त्याचा छेद, म्हणजे घर उभे कापल्यावर आत जसे दिसेल तो नकाशा, तू स्वतःच्या हाताने एकदा काढून पाहा. चौक, ट्यूब हाउसचा माथा आणि आजोबांची ओसरी या तिन्ही गोष्टी अठरा फुटांत बसतात. मी बसवून पाहिल्या आहेत. कागद पाठवत नाही, कारण मग तू तोच गिरवशील. आणि न्हाणीघर मात्र आजीच्या खोलीला लागून दे, आंदोंचे त्या बाबतीत ऐकू नकोस.

धाब्याबद्दल तू "जुनाट" असा एकच शब्द वापरला आहेस. ते पाडायचे आहेच. गळते, दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकावी लागते, आणि ते काम जाणणारी माणसे आता मिळत नाहीत. पण पाडण्यापूर्वी त्याच्याकडून शिकून घे. सागाच्या तुळया, त्यांवर आडव्या काड्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर, यामुळे दुपारचे ऊन खाली झिरपायलाच रात्र होते. पाच इंची स्लॅब मात्र संध्याकाळपर्यंत आरपार तापतो आणि आपण अंथरुणावर पडलो की खाली उष्णता सोडू लागतो. खानदेशात माणसे गच्चीवर झोपतात त्यात चांदण्याच्या हौसेइतकाच या स्लॅबचाही हात आहे. लॉरी बेकर यांनी तिरुअनंतपुरममध्ये स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट केवळ भर म्हणून असते, तिथे जुनी कौले भरून सिमेंट आणि उष्णता दोन्ही कमी केली. त्यांच्या उभ्या विटांच्या पोकळ भिंतीत विटाही सुमारे चौथाईने कमी लागतात. आपल्या गवंड्याला हे नवे वाटेल, म्हणून आधी चार फुटांचा नमुना बांधून घे. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक कर, आणि गच्चीचा एक कोपरा सपाट व मोकळा ठेव. तुझी आजी ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड कुठे घालणार, याचे उत्तर तुझ्या नकाशात नाही.

ग्लेन मर्कट यांच्या घरावर तू "पत्र्याचे असूनही सुंदर" असे लिहिले आहेस, ते वाचून मला हसू आले. परसातल्या गुरांच्या गोठ्यावर जो नागमोडी पत्रा आहे, तशाच पत्र्याने त्यांनी १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या केम्प्सी इथले मेरी शॉर्ट यांचे घर शाकारले आणि भिंतींना उघडमीट करता येणाऱ्या पट्ट्या लावून वारा हवा तेव्हा आत घेतला. पुढे ते घर त्यांनी स्वतःच विकत घेतले. वास्तुकाराने आपलेच काम विकत घ्यावे, याहून मोठे प्रमाणपत्र मला ठाऊक नाही.

पैशाचे. वडिलांनी वरचा मजला पाच वर्षांनी बांधू असे म्हटल्याचे तू जरा खट्टू होऊन लिहिले आहेस. चिलीतल्या इकिके शहरात आलेहान्द्रो आरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सुमारे शंभर कुटुंबांना मुद्दाम अर्धीच घरे बांधून दिली: कुटुंबाला एकट्याने करणे कठीण असा भाग, म्हणजे सांगाडा, जिना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आधी पुरा केला आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा पुढे भरण्यासाठी सोडली. बाळकृष्ण दोशी यांची इंदूरची अरण्य वसाहत त्याच्याही आधीची आहे, आणि ती तर आग्रा रोडने गेलीस तर एका दिवसात पाहून येशील. जोते, संडास-न्हाणी आणि फार तर एखादी खोली, बाकी घर माणसांनी आपापल्या ऐपतीने वाढवले. आपल्या गावात प्रत्येक गच्चीवर उद्याच्या मजल्यासाठी सळया गंजत उभ्या असतात, तीही हीच इच्छा आहे, फक्त तिच्यासाठी कोणी नकाशा काढलेला नसतो. तू काढ. जिना कुठून वर जाईल, वरची मोरी कोणत्या भिंतीवर येईल, काम चालू असताना खाली राहणाऱ्यांनी कुठल्या दाराने ये-जा करायची, हे आजच ठरव, आणि सळया उघड्या न ठेवता त्यांवर हलक्या काँक्रीटची टोपी घालायला मिस्त्रीला सांग. पाया मात्र दोन मजल्यांचाच हवा आणि मुरूम लागेपर्यंत खाली न्यायचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

येत्या रविवारी मी सकाळच्या एसटीने पारोळ्याला येतो. एक साधा तापमापक आण आणि मी येण्याआधीचे दोन दिवस दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री अकरा वाजता धाब्याखाली, शेजारच्या काकांच्या स्लॅबखाली आणि चौकात तापमान मोजून वहीत लिहून ठेव. मोजपट्टी, ट्रेसिंग पेपर आणि धाब्यावर चढायची शिडी तयार असू दे. पश्चिमेची भिंत तेवढी अजून शाईने काढू नकोस.

तुझा,
काका