मुरुमांची लस येईपर्यंत औषधं थांबवू का?

प्रश्न: डॉक्टर, मी 19 वर्षांची आहे. गालांवर आणि हनुवटीवर मोठे, दुखरे मुरूम येतात. अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असल्या की बरं असतं, बंद केल्या की पुन्हा तेच. आता मुरुमांवर लस येतेय असं वाचलं. तोवर औषधं थांबवली तर चालेल का?

उत्तर: अजिबात थांबवू नकोस. लस यायची तेव्हा येईल, पण दुखऱ्या मुरुमांनी गालावर पाडलेले खड्डे ती बुजवणार नाही.

लसीमागची कल्पना मात्र मोठी हुशारीची आहे. मुरुमांत हात असलेला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू नितळ चेहऱ्यांवरही केसांच्या मुळाशी सुखाने नांदत असतो. त्याला सरसकट हुसकावण्यात शहाणपण नाही, कारण त्याचे सगळेच वाण त्रास देत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या जॉर्ज लिऊ यांच्या गटाने 2023 मध्ये यातली गंमत दाखवली. मुरुमांशी जोडलेल्या वाणांचं विकर (एन्झाइम) त्वचेत ओलावा धरून ठेवणाऱ्या हायलुरोनिक आम्लाचे मोठाले तुकडे करतं आणि त्याने दाह भडकतो. निरुपद्रवी वाणांचं विकर त्याच आम्लाचा पार भुगा करतं, त्वचा शांत राहते. म्हणजे लसीने जिवाणूला हात न लावता फक्त ते त्रासदायक विकर अडवायचं. उंदरांमध्ये हे जमलंय. उंदरांना आपल्यासारखे मुरूम येत नाहीत, हेही ध्यानात ठेव! सनोफी या औषध कंपनीच्या मुरुमांवरच्या एमआरएनए लसीच्या (शरीराला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या लसीच्या) माणसांवरच्या चाचण्या 2024 मध्ये सुरू झाल्या.

शिवाय मुरुमांत जिवाणू एकटा नसतो. हार्मोन्समुळे वाढलेलं तेल आणि मृत पेशींनी बुजलेली छिद्रं यांचं लस काय करणार?

आता तुझ्या गोळ्यांकडे येऊ. नुसत्या अँटिबायोटिकवर राहिलं की हे असंच होतं, शिवाय जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीन लावायला दिलंय का, हे डॉक्टरांना विचार. गोळ्या साधारण तीन महिन्यांत थांबवून लावायची औषधं पुढे चालू ठेवतात. खड्डे पडू लागले असतील तर आयसोट्रेटिनॉइन या तीव्र मुरुमांवरच्या गोळीचा विषय काढ. मात्र त्या काळात गर्भधारणा मुळीच होता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. पाळी अनियमित असेल तर तेही न लाजता सांग, त्यावरून उपचार बदलतात. आणि हो, बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो, उशीचा अभ्रा पांढराच घे.